झोपलेला कंपॅरेटर

अंधेरीच्या त्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत साहेबांची केबिन कॉम्प्युटरच्या खोलीपेक्षा मोठी होती. डिटेक्टिव्ह मार्तंडसोबत आलेल्या त्याच्या मदतनिसाने, मधुकरने, तिथेच नाक मुरडलं.

"हिने सर्किटची वाट लावली! दुसऱ्या कंपनीला फितूर आहे ही," शरच्चंद्र साहेब अख्ख्या स्टाफसमोर शुभाकडे बोट दाखवून गरजले. "सिद्ध करा, डिटेक्टिव्ह, की आजच हाकलतो."

शुभा इंजिनिअर होती. दोन व्होल्टेजमधलं मोठं कोणतं ते सांगणारा कंपॅरेटर तिने आखला होता. चिप बनण्याआधी तो कॉम्प्युटरवर चालवून बघत.

"नोकरी जाऊ दे," ती म्हणाली. "पण फितूर म्हटल्यावर मला दारात कोण उभं करणार?"

बाकीच्या स्टाफला बाहेर ठेवून मार्तंडने कॉम्प्युटरच्या खोलीत स्क्रीन पाहिला. सप्लाय ठीक, पण प्रत्येक ट्रान्झिस्टरचा करंट शून्य.

"बायस मेलाय," तो मधुकरला म्हणाला. "सगळ्यांना जागं ठेवणारा बारीकसा करंट असतो ना, तो."

"काल चालत होतं," शुभाचा सहकारी भीमराज म्हणाला. "सरांनी एकेका ट्रान्झिस्टरचा करंट छापून मागितला. तो दिला नि घाटकोपरला गेलो. खोलीची चावी सरांकडे असते."

"असणारच!" साहेबांनी छाती फुगवली. "रिकामं बसलेलं मला खपत नाही. शिपाई काढला, टेलिफोनवाली काढली. चिपसुद्धा लहानच हवी मला."

"भीमराजच तो," मधुकर कुजबुजला. "हिच्या जागेवर डोळा!"

"गप रे," मार्तंड म्हणाला. "जाणकाराने दगा दिला असता, तर चिप बनल्यावर कळेल अशी खोट ठेवली असती. ही आज कॉम्प्युटरवरच्या पहिल्याच फेरीत उघडी पडली. म्हणजे हे अडाण्याचं काम."

साहेब खाकरले. मार्तंड पुढे बोलू लागला.

"हे सर्किट स्वतःचा करंट स्वतःच टिकवतं. पण आधी धक्का लागतो. त्यासाठी एक ट्रान्झिस्टर असतो. सर्किट चालू झालं की तो बाजूला होतो, मग त्याचा करंट शून्य दिसतो. शुभा, तो ट्रान्झिस्टर आहे का बघा."

शुभाने पाहिलं. "नाहीये!"

"काल छापलेलं शून्य बघून तो रिकामा म्हणून कोणी काढून टाकला, साहेब?"

"मला वाटलं... फुकटची जागा..." साहेब पुटपुटले.

मधुकरला त्यांची कीवसुद्धा आली नाही.

शुभाने ट्रान्झिस्टर परत टाकला. कंपॅरेटर चालू झाला.

"झालं ना काम? मिस्टेक कोणाचीही होते," साहेब दाराकडे सरकले.

शुभा आडवी आली. "ज्यांच्यासमोर फितूर म्हणालात, त्यांना बोलवा. आणि हेच सगळं मोठ्याने सांगा."

साहेब जागचे हलेनात. मग भीमराजनेच दार सताड उघडलं आणि सगळ्या स्टाफला हाक मारली.