दोन टकटक

"पोरी, भूपेशकडं जरा बघ," सासूबाई रंभाताईंनी हेमांगीला मागेच सांगितलं होतं. "डाव्या कुशीवर झोपला की पोर रडून लाल होते, नि हा उठत नाय. बरं नाय हे."

"आई, सगळे बाप असेच झोपतात," म्हणून हेमांगी हसली होती.

आज भुईगावला व्हिक्टरच्या ओसरीवर बसलेली हेमांगी मात्र हसत नव्हती. मांडीवर बाळ होतं आणि समोर हितेश. त्याच्या डोळ्याखाली पट्टी होती. डोळा थोडक्यात वाचला होता.

गेल्या रविवारी पारोळच्या पलीकडच्या रानात एअरसॉफ्टचा डाव रंगला होता. खेळण्यातल्या बंदुका, प्लास्टिकचे छर्रे आणि दोन संघ. डोळ्यांवर जाड गॉगल हवाच, हा पहिला नियम. पलीकडच्या संघातला हितेश करवंदीच्या जाळीत घसरून पडला, गॉगल निघाला, आणि नेमका तेव्हाच हेमांगीच्या नवऱ्याचा, भूपेशचा छर्रा त्याला लागला.

दर डावानंतर कुठे चुकलं ते बोलायला सगळे व्हिक्टरकडे जमत. आजची बैठक वेगळी होती.

"भूपेशच्या संघातला जेसन म्हणतो, त्याने वॉकीटॉकीवर 'थांबा' सांगितलं," हितेश म्हणाला. "भूपेश म्हणतो, काही आलंच नाही. दोघांतला एक खोटारडा आहे. संध्याकाळपर्यंत कळलं नाही, तर मी चौकीत जाऊन दोघांची नावं देणार."

म्हणूनच हेमांगीने रीमाला बोलावलं होतं. रीमा तिची कॉलेजातली मैत्रीण. विरारला तिचं खासगी डिटेक्टिव्हचं ऑफिस होतं.

"सोयरिकीच्या चौकशा करून कंटाळले होते," रीमा खुर्ची ओढत म्हणाली. "भूपेशच्या संघाचा कॅप्टन कोण?"

"मी," व्हिक्टर म्हणाला. "पण मी आधीच बाद झालो होतो. बाद झालेल्याने सेट बंद करून गप्प बसायचं, असा आमचा कायदा. चालू सेट दोनच, जेसनचा नि भूपेशचा."

"सेटच बिघडला असेल," हेमांगी घाईने म्हणाली.

"नाही गं वहिनी. भूपेशचा सेट मी त्याच दिवशी स्वतः लावून बघितला. टकाटक. कानात घालायचे तुकडे तर नवेकोरे, त्याच दिवशी पहिल्यांदा वापरले. उजव्या कानाच्याच घडणीचे, असे फिट बसतात की धावलं तरी पडत नाहीत. आधीचे कुठल्याही कानात जायचे, पण सारखे गळायचे."

"त्या दिवशी भूपेश कसा खेळला?"

"वाघासारखा! मी सांगितलं, नाल्याकडून जा. याने टकटक केलं आणि सरळ उघड्या माळावरून धावला. म्हटलं, जिगर आहे."

"टकटक म्हणजे?"

"शत्रू जवळ असला तर बोलायचं नाही. निरोप मिळाला की सेटचं बटण दोनदा दाबायचं. सांगणाऱ्याला टकटक ऐकू येते."

रीमाने सेट उचलून पाहिला. कुणी बोलू लागलं की त्यावर बारीक हिरवा दिवा लागत होता. "हा कुठे अडकवता?"

"छातीवर. खाली बघितलं की समोर."

आता जेसनची पाळी. पोरगा रडकुंडीला आला होता. "मी टेकाडावर होतो. ओरडून खाली आवाज पोचत नाही. म्हणून सेटवर सांगितलं, थांबा, हितेशचा गॉगल पडलाय. आणि मला दोन टकटक आल्या. आईशप्पथ."

"हितेशशी तुझं भांडण?"

"माझं कशाला? भांडण भूपेशचं होतं. मागच्या खेळात हितेशला छर्रा लागला तरी तो 'लागला' म्हणून बाद झाला नाही."

"हां, म्हणजे मी मुद्दाम मारलं?" भूपेश उसळला. येताच त्याने आपली खुर्ची कोपऱ्यात नेली होती, उजवा खांदा भिंतीला टेकवून. "आवाजच आला नाही, तर टकटक कुठली करणार? मला जाळीत हालचाल दिसली, मी मारलं. बस्स."

त्याचा फोन वाजला. चहाचा कप डाव्या हातात होता, उजवा मोकळाच. तरी त्याने कप खाली ठेवला, फोन डाव्या कानाला लावला आणि "ड्युटी सकाळची" म्हणून बंद केला.

"काय करता तुम्ही?" रीमाने विचारलं.

"कारखान्यात क्रेन चालवतो."

रीमा उठली. "मला एकदा तुमचा खेळ बघायचाय. जेसन, भूपेश, सेट लावा आणि केळीत लांब लांब उभे राहा. मी इथून निरोप देते."

दोघे केळीच्या वाडीत गेले. रीमा पाठमोरी झाली, तिसरा सेट तोंडाशी धरला आणि बटण दाबलं. जराशाने सोडलं.

टक. टक.

लगेच जेसनचा आवाज आला, "हॅलो? मॅडम, काही ऐकू नाही आलं. परत बोला."

हेमांगीने रीमाकडे पाहिलं. "तू बोललीस काय?"

"एक शब्दही नाही." रीमा वळली. "बोलवा दोघांना."

दोघे ओसरीवर आले. "भूपेश, मी काय निरोप दिला?"

"तोच... थांबा म्हणून."

हितेशची पट्टीवरची भुवई तेवढी हलली.

"मी मुकी बसले होते," रीमा म्हणाली. "जेसनने विचारलं, तुम्ही टकटक केलंत. कारण तुम्ही ऐकत नाही, हिरवा दिवा बघता. व्हिक्टर नाल्याकडून जा म्हणाला, तेव्हाही दिवा लागला, तुम्ही बटण दाबलं आणि वाटेल तिकडे गेलात. ती जिगर नव्हती. तुमचा उजवा कान गेलाय. जुना तुकडा तुम्ही डाव्या कानात घालायचात, म्हणून आजवर निभावलं. नवा डावीकडे बसेना. भिंतीला उजवी बाजू लावून बसता, फोनसाठी हातातला कप खाली ठेवता. जेसन खरं बोलला. आवाज आला नाही, हेही खरं. खोटी फक्त ती टकटक."

"डाव्या कुशीवर..." हेमांगी पुटपुटली. चांगला कान उशीत, आणि बाळ रडतंय.

भूपेशने कानातला तुकडा काढून खाली ठेवला. "दिवाळीपासून ऐकू कमी यायला लागलं. कंपनीला कळलं तर क्रेनवरून उतरवतील. मग घर कसं चालवू?"

"छर्रा होता म्हणून गालावर निभावलं," रीमा म्हणाली. "क्रेनला काय लटकतं? आणि खालचा माणूस 'थांबा' ओरडला तर?"

भूपेशने जेसनचा हात धरला. "माफ कर रे. तुला खोटं पाडलं मी." मग हितेशकडे बघायला त्याची मान वर होईना.

हितेश उठला, मुद्दाम त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. "चौकी राहू दे. उद्या क्रेनवर चढायचं नाही, आधी कंपनीत सांगायचं. तिथून कानाच्या डॉक्टरकडे, मी स्वतः नेणार. आणि परत खोटं टकटक केलंस ना, तर बंदूक माझ्या हातात असेल."

जेसनच पहिला हसला.

हेमांगीने सासूबाईंना फोन लावला. "आई, तुमचं बरोबर होतं. माझंच लक्ष नव्हतं." पलीकडे रंभाताई एवढंच म्हणाल्या, "पोर दूध प्याली का?"

तुमच्याही घरात कुणी हाकेला नुसती मान डोलावत असेल, दर वेळी तीच खुर्ची धरत असेल. आज त्याच्या मागे उभं राहून हळूच नाव घ्या. वळलं नाही, तर हसू नका. पुढ्यात जाऊन विचारा.