पहिलीच्या बरणीतली काळी बटणं

"काळी एकशे दोन, पिवळी पंचवीस," भोपूने शेवटचं बटण बरणीत टाकलं. "ए मोजपट्टे, आता पुन्हा मोजायला सांगितलंस तर मी बटण गिळीन."

"तीन कमी भरतात," मोजपट्टी वहीतून डोकं वर न काढता म्हणाली. "सव्वीस मुलं, पाच दिवस. एकशे तीस हवीत."

"तिघं एकेक दिवस आलेच नव्हते. हजेरीत बघ."

तिने हजेरी पाहिली, तेव्हा कुठे आकडा वहीत उतरला. तिला मोजपट्टी म्हणायचे ते उगाच नाही. आणि भोपूला भोपू का म्हणायचे, हे त्याची बडबड ऐकत दोन मिनिटं बसलं की कळायचं.

उन्हाळ्याची सुट्टी लागून दोन दिवस झाले होते, तरी 'बरं आहे ना मंडळ' शाळेत हजर होतं. हे मंडळ चौथीच्या मुलांनी स्वतःच काढलेलं. कुणी आजारी पडलं की त्याच्या घरी चिठ्ठी पोचवायची, मधल्या सुट्टीत एकट्या बसलेल्याला दोरीच्या उड्यांना ओढून आणायचं, ही त्यांची कामं. शिवाय प्रत्येक वर्गाच्या दाराशी एक बरणी असायची. घरी जाताना दिवस चांगला गेला असेल तर त्यात पिवळं बटण टाकायचं, वाईट गेला असेल तर काळं. बटणं मोजपट्टीच्या आईच्या शिवणकामातली. दर आठवड्याला ती मोजून वहीत लिहायची. वर्षभराच्या आकड्यांचा मोठा तक्ता आज चार वाजता शाळा समितीपुढे ठेवायचा होता. मोजपट्टीने त्यासाठी रेघा तीनदा खोडून काढल्या होत्या.

तेवढ्यात मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, आत आल्या. त्यांनी तक्ता लांब धरून पाहिला, शाबासकी दिली आणि जाता जाता सांगून टाकलं, की मंडळाचे आकडे फार कामाला आले. पहिलीत काही ठीक नाही हे दर महिन्याला कळवलेल्या आकड्यांवरूनच समितीला कळलं. पहिलीच्या बाईंचं आता वय झालं. पुढच्या वर्षापासून त्यांना कचेरीत बसवायचं आणि पहिली नव्या शिक्षिकेकडे द्यायची, असं आज ठरणार आहे.

मोठ्या बाई गेल्या आणि भोपूने बरणीचं झाकण उलटंच लावलं.

पहिलीच्या बाई एकतीस वर्षं पहिलीलाच शिकवत होत्या. या दोघांना पेन्सिल धरायला त्यांनीच शिकवलं होतं. आत्ताही त्या कार्यालयात बसून, पुढच्या वर्षी आपल्याला न लागणारी अक्षरांची कार्डं दोऱ्याने बांधत होत्या.

बाईंविरुद्धचा पुरावा मोजपट्टीनेच तर मोजून दिला होता, तोही रेघा आखून.

"फाडून टाकू तक्ता," भोपू म्हणाला.

"आकडे खोटे नाहीत. फाडून काय होणार?" ती वही मागे उलटू लागली. बराच वेळ उलटत राहिली. मग तिचं बोट थांबलं. "हे बघ. सहामाहीच्या सुट्टीपर्यंत सगळ्या शाळेत सर्वांत जास्त पिवळी बटणं पहिलीची आहेत. सुट्टी संपली त्याच आठवड्यात काळी सुरू झाली. बाई त्याच, मुलंही तीच. मग बदललं काय?"

उत्तर दारातच लंगडी घालत होतं. मोजपट्टीचा धाकटा भाऊ टिंगू पहिलीतच होता, आणि घरी कुणी नसल्यामुळे ताईच्या मागे आला होता. त्याला विचारलं, तर तो सहज म्हणाला, "भिंतीत किडा आहे ना. तो ओरडतो, मग डोकं दुखतं."

किडा त्याने सगळ्यांना सांगितला होता. बाईंनी दोनदा कपाट सरकवून पाहिलं, त्यांना काही ऐकू आलं नाही. भिंतीकडच्या रांगेतली मुलं चिडचिड करायची, कुणी रडायचं. बाकी मोठ्यांनी अभ्यास टाळायची निमित्तं म्हणून सोडून दिलं होतं.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, थापा मारू नकोस."

मोजपट्टीचे कान लाल झाले. ती उठली आणि पहिलीच्या वर्गाकडे निघाली.

एरवी मंडळ तिथे बरणी न्यायला जायचं ते शाळा सुटताना, म्हणजे ऐन कल्लोळात. आज वर्ग रिकामा होता. तिघं मधोमध उभे राहिले आणि भोपूने, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, तोंड मिटून ठेवलं.

आवाज होता. सुईसारखा बारीक, टोचणारा, कुठेही न थांबणारा. तिघं तीन कोपऱ्यांत उभे राहिले, जागा बदलल्या, पुन्हा ऐकलं. भिंतीवरच्या झरोक्याखाली तो सगळ्यात जास्त होता. झरोक्यापलीकडे साहित्याची खोली होती.

त्या खोलीत शाळेचं साहित्य सांभाळणारे भांडारकाका खडूची खोकी रचत होते. वर, झरोक्यालगत, एक पांढरी डबी लाल दिवा लावून बसली होती. मोजपट्टीने विचारून तिचा खटका बंद केला. आवाज थांबला. सुरू केला, पुन्हा आला.

काका हसायलाच लागले. ते उंदीर पळवायचं यंत्र होतं. उंदरांनी वह्या कुरतडल्या म्हणून त्यांनी सहामाहीच्या सुट्टीत ते बसवलं होतं. खोक्यावर स्वच्छ लिहिलं होतं, की माणसांना आवाज ऐकू येत नाही. त्यांनी यंत्राला कान लावून दाखवला. मोठ्या बाईंनाही बोलावलं. त्यांनाही काही ऐकू आलं नाही. बाईंवर तुमची माया आहे हे मला समजतं, पण असलं काही रचू नये, असं त्या हळूच म्हणाल्या.

तेच मोजपट्टीला लागलं. चार वाजायला वीस मिनिटं होती.

बैठक सुरू झाली तेव्हा तक्ता भिंतीवर होता आणि पहिलीच्या बाई अगदी टोकाच्या खुर्चीत. मोजपट्टीने तक्ता नेमका समजावून सांगितला. मग म्हणाली, "आम्ही दिवस कसा गेला ते विचारलं. का, ते विचारलंच नाही. चूक आमची आहे, बाईंची नाही. आणि ते आम्हाला दहा मिनिटांत दाखवता येईल."

समितीचे अध्यक्ष चष्म्याचे दुकानदार होते. त्यांनी स्वतःचा चष्मा पुसला. "बोला. गिऱ्हाईक खालची ओळ वाचतं की नाही, हे तपासल्याशिवाय मीही नंबर सांगत नाही."

मोजपट्टीने बेत सांगितला. अध्यक्ष भांडारकाकांबरोबर साहित्याच्या खोलीत बसतील आणि नाणं उडवतील. छापा आला तर यंत्र चालू, काटा आला तर बंद. असं बारा वेळा. दर वेळी भिंतीवर एक थाप. भिंतीअलीकडे मुलं डोळे मिटून बसतील, आवाज आला तर हात वर करतील. काय झालं ते दोन्हीकडे वेगवेगळ्या कागदांवर लिहायचं.

"खटक्याचा आवाज ऐकून हात वर कराल," दाराशी उभे असलेले काका म्हणाले.

"मग काटा आला तर शेजारचा रिकामा खटका दाबा. टकटक दोन्ही वेळा होऊ दे."

काका खिशातली किल्ली काढत खोलीकडे निघाले.

पहिलीच्या वर्गात तिघं बाकावर बसले. पहिलीच्या बाईही येऊन टिंगूशेजारी बसल्या आणि त्यांनीही डोळे मिटले. थाप पडली. मोजपट्टीला आधी स्वतःच्या छातीचे ठोकेच ऐकू आले. मग ती सुई टोचली. तिने हात वर केला. दुसरी थाप, शांतता. तिसरी, पुन्हा शांतता. नाणं लागोपाठ पाच वेळा काट्यावर पडलं, तेव्हा तिला वाटलं, आपले कानच गेले की काय. तरी हात मांडीवरच ठेवला.

बारावी थाप झाल्यावर सगळे वर्गात जमले. मोठ्या बाई हातांचा कागद वाचू लागल्या, अध्यक्ष नाण्याचा.

"एक?"

"चालू."

"तिन्ही मुलांचे हात वर. दोन?"

"बंद."

"एकही नाही."

आठव्या आकड्यापर्यंत मोठ्या बाईंचा आवाज बदलला होता. बाराव्यानंतर त्यांनी कागद खाली ठेवला. मोजपट्टी आणि टिंगू बाराच्या बारा बरोबर. भोपू अकरा. एकदा पोटात भुकेचा आवाज झाला आणि आपण फसलो, असं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. पहिलीच्या बाईंचा हात एकदाही वर गेला नव्हता.

"नशीबही असेल," काका पुटपुटले, पण त्यात आता जोर नव्हता.

"दोनाला बारा वेळा दुप्पट करत गेलं तर... नाही, अकरा वेळा," मोजपट्टीने वही पुढे केली. "चार हजार शहाण्णव. नुसत्या अंदाजाने बाराही बरोबर यायला तेवढ्यांतून एकदाच जमेल. आणि आम्ही दोघं आहोत."

अध्यक्षांनी वही घेतली, सगळी दुप्पट पुन्हा करून पाहिली आणि मान हलवली. वाढत्या वयाबरोबर अगदी बारीक आवाज आधी हरवतात हे त्यांनी ऐकलं होतं, पण आपलेही हरवलेत हे आजच कळलं, असं ते म्हणाले. काका कुणी न सांगताच उठले, यंत्र काढून आणलं आणि टिंगूपुढे उकिडवे बसले. "उंदरांसाठी लावलं रे बाळा," एवढंच ते म्हणाले.

पहिली बाईंकडेच राहिली. ठरायला अर्धं मिनिटही लागलं नाही. बरणीचा आकडा पाहून कुणाबद्दल काही ठरवायचं असेल, तर आधी मंडळाने त्या वर्गाशी बोलून यावं, हेही ठरलं. तीस वर्षं शाळा चालवूनही आपल्याला हे सुचलं नाही, असं मोठ्या बाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं आणि मघाच्या 'रचू नये'बद्दल त्या तिघांची माफी मागितली.

पहिलीच्या बाई मात्र यंत्राकडेच बघत होत्या. "कसा होता रे तो आवाज?" त्यांनी टिंगूला विचारलं.

टिंगूने नाक चिमटीत धरलं, मान ताणली आणि असा काही किंचाळला, की अध्यक्षांनी कानांवर हात ठेवले.

"रोज? पाढे म्हणतानाही?"

"हो. धडा वाचतानाही."

बाई उभ्या राहिल्या. मघापासून पडलेले त्यांचे खांदे सरळ झाले होते.

"साहेब, मला काही म्हणायचंय," त्या अध्यक्षांना म्हणाल्या. "हे असलं कानात घेऊन माझी पोरं अर्धं वर्ष बसली. आणि आज सव्वीसच्या सव्वीस जणांना वाचता येतं. बैठकीत काय झालं ते लिहाल, तेव्हा हेही लिहा."

अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं आणि तिथेच, पहिलीच्या बुटक्या बाकावर गुडघे मुडपून बसून, ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.