बुधाजी खरं बोलले तेव्हा

हे कुणाला पटायचं नाही, पण आजोबा खरं बोलले म्हणून एक मुलगी प्रेमात पडली.

आजोबांचं नाव बुधाजी. पेणकडच्या मिठागरांत त्यांचा जन्म गेला, आणि थाप मारल्याशिवाय त्यांनी कधी घोटभर चहासुद्धा घेतला नाही. आगरात वीज पडली आणि चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, आयत्या शिजून वर आल्या, मीठही घालावं लागलं नाही… ही त्यांची किरकोळ थाप. मोठ्या थापांना वादळ लागायचं, आणि होडीएवढा घोळ मासा.

त्यांच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली आणि ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, "या वयात, एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर भ्रम होऊ शकतो. बहुतेक सावरतात… सगळेच नाही."

ते 'सगळेच नाही' उराशी घेऊन नात प्राप्ती अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभी होती. दार उघडलं, आणि तिच्या छत्रीतलं सगळं पाणी बाहेर येणाऱ्या तरुणाच्या बुटांवर ओघळलं.

"बुधाजींची नात ना?" बूट झटकत तो हसला. "मी शुभम, इथला नर्स. आजोबा अगदी शांत आहेत. विचारलं, काय काम करायचात? म्हणाले, मीठ काढायचो. मग? म्हणाले, मग घरी जायचो."

प्राप्तीचा चेहरा उतरला. "एवढंच?"

"एवढंच."

"चिंबोऱ्या नाहीत?"

"चिंबोऱ्या…? नाहीत."

"मग काहीतरी बिघडलंय. डॉक्टरांना बोलवा."

"अहो, खरं बोलणं हा काय आजार आहे?"

"आमच्या घरात आहे!"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानं ते पाहिलं, आणि डॉक्टरांना बोलवायला आत वळला. तो तिला तेव्हाच आवडला असावा…

डॉक्टरांनी तपासलं. भ्रमच होता. आरडाओरडा करायला लावणारा नव्हे, माणसाला मुकाट करणारा. नजरेतून सहज निसटणारा.

"चष्मा नि कानाचं यंत्र कुठंय?" शुभमनं विचारलं.

इस्पितळात हरवायला नको म्हणून घरच्यांनी दोन्ही कपाटात जपून ठेवली होती! प्राप्तीनं कपाळावर हात मारला.

"घेऊन या. आणि त्यांच्याशी बोलत राहा. ओळखीचा आवाज धरून माणूस परततो कधीकधी."

कधीकधी.

ती रोज दुपारी येऊन बसू लागली. खिडकीबाहेर खाडीचा काळा चिखल, वर राखेच्या रंगाचं आभाळ. आजोबा भिंतीकडे बघत राहायचे. एकदा वळून म्हणाले, "बाई, तुम्ही कुणाच्या?" त्या दिवशी ती जिन्यात जाऊन रडली.

तरी ती त्यांच्याच थापा त्यांना ऐकवायची. शुभम सलाईन बघायला यायचा आणि रेंगाळायचा.

"मासा केवढा होता म्हणालात?"

"तुमच्या तोऱ्यापेक्षा जरा लहान."

"म्हणजे खाडीत मावला नसेल…"

ती हसायची, आणि लगेच ओठ मिटायची. आजोबा असे पडलेले असताना आपल्याला कुणी आवडावं, याची तिला लाज वाटे. खुर्ची मात्र तो रोज उजेडाकडे ओढून ठेवायचा, आणि ती रोज आधी खुर्चीकडेच बघायची.

एका पावसाळी दुपारी तो पलंगाच्या पायथ्याशी थांबला. "उद्यापासून मी दुसऱ्या वॉर्डात. तुम्हाला… काही वाटेल?"

प्राप्तीनं भिंतीकडे वळलेल्या त्या म्हाताऱ्या पाठीकडे पाहिलं.

"मला काय वाटायचंय? तुम्ही असलात काय, नसलात काय…"

शुभमनं मान हलवली. दाराकडे वळला.

"खोटं!"

उशीवरचं डोकं इकडे फिरलं होतं. चष्म्याआडचे डोळे मिचमिचत होते… आणि तिच्यावरच रोखलेले होते.

"साफ खोटं! प्राप्ते, माझ्याच म्होरं थाप मारतंस? आणि तुझे कान लाल झालेत त्यांचं काय?"