सहा, सात आणि दोन खुर्च्या

पूल वर उचलला जात होता आणि डेल्फीनची शाळेची पिवळी बस नेमकी त्याच्या तोंडाशी अडकली होती. ऑगस्टची संध्याकाळ होती. सरोवरावरून ओलसर वारा येत होता. रस्त्याच्या मधोमध नारिंगी जाकीट घातलेला एक उंच माणूस लाल पाटी घेऊन उभा होता. गावातला नव्हता. गावातला असता तर बस बघून त्यानं आधी हात हलवला असता, मग पाटी धरली असती.

"किती वेळ लागेल?" तिनं खिडकीतून मान बाहेर काढली.

"शिडाची एक बोट जायचीय. तिला काही घाई दिसत नाही."

"मला आहे. आज आकड्यांचा शुक्रवार."

"म्हणजे काय असतं?"

डेल्फीनला हसू आलं. हे विचारणारा माणूस तिला आजवर भेटला नव्हता. "आपला फुटबॉलचा संघ यंदा सतरातले किती सामने जिंकणार, ते आत्याच्या बारमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. आजच. हंगाम सुरू झाल्यावर कोणीही सांगेल."

"सहा," तो म्हणाला.

"काय सहा?"

"सहा जिंकतील. बचावातले तिघं थकलेत, आणि चेंडू फेकणारा पोरगा अजून कच्चा आहे. सहा म्हणजे पुष्कळ झाले."

"कुठले हो तुम्ही?"

"मिनेसोटाचा. वेन्डेल ओकर्न. पुलाच्या दुरुस्तीला आलोय."

"तरीच! आमच्या संघाचे जुने वैरी!" डेल्फीननं बस सुरू केली. पूल खाली बसत होता. "हेच तिथं येऊन म्हणून दाखवा. हिंमत असेल तर."

तिला वाटलं, कसला येतोय. पण तो आला. अंघोळ करून, केस चापून बसवून, अगदी लग्नाला यावं तसा.

बारमध्ये तळलेल्या पर्च माशाचा वास भरला होता. भिंतीशी, शेगडीच्या उबेला आणि टीव्हीच्या बरोबर समोर, लाल मखमलीच्या दोन खुर्च्या होत्या. गावातलं जुनं थिएटर मोडलं तेव्हा आणलेल्या, एकमेकींना जोडलेल्या. ज्याचा आकडा बरोबर येईल, त्याला त्या खुर्च्या पुढच्या सबंध हंगामासाठी मिळायच्या. एक त्याची. दुसरीवर कोण बसणार, त्याचं नाव त्यानं तिथंच, सगळ्यांदेखत पुकारायचं. गावातली तीन लग्नं अशी पुकारून ठरली होती. बाकी बहुतेक वर्षं मात्र त्या खुर्च्यांवर लोकांचे कोटच पडलेले असत, कारण नऊच्या खाली आकडा सांगायची कुणाची छातीच होत नसे. आपल्याच संघाला कमी कसं म्हणायचं? मग संघ हरायचा आणि कोटांची सोय व्हायची.

अर्सुला आत्यानं कालथा तव्यावर आपटला. एकेक जण उठू लागला. दहा. अकरा. बारा. म्हातारा लुसियाँ, चीज बनवणारा, छाती पुढे काढून म्हणाला, "सतरा!"

"लुसियाँ," आत्या म्हणाली, "सतरा म्हणणारा एक तर प्यायलेला असतो, नाहीतर प्रेमात पडलेला. तू कोण?"

"अगं, एकच ग्लास झालाय."

"मग प्रेमात! बघ गं याच्याकडे, तुझा नवरा काय म्हणतोय!"

लुसियाँच्या बायकोनं ताटातून मान वर केली. "असू दे. चाळीस वर्षांनी का होईना."

हसण्याच्या त्या गदारोळात वेन्डेल उभा राहिला. "सहा."

क्षणभर तेलाचा चुरचुराट तेवढा ऐकू आला. मग कुणीतरी बटाट्याचा तळलेला तुकडा त्याच्या दिशेनं भिरकावला.

"मिनेसोटाला जायचा रस्ता पश्चिमेला आहे रे बाबा!"

"पूल दुरुस्त करायला आलायस की आमचा कणा मोडायला?"

वेन्डेलचे कान लाल झाले, पण आकडा मागे घेतला नाही. एवढ्या मोठ्या खोलीत त्याच्या बाजूचं एक माणूस नव्हतं.

"डेल्फीन, तुझा?" आत्यानं विचारलं.

डेल्फीन उभी राहिली. दर वर्षी ती अकरा सांगायची. तिचे वडील होते तेव्हा तेही अकराच सांगायचे. ओठांवर अकराच आलं होतं...

"सात," ती म्हणाली.

आत्याच्या हातातला कालथा तसाच राहिला. आणि खोलीच्या पलीकडून वेन्डेलनं तिच्याकडे असं पाहिलं, की डेल्फीनला नजर चुकवायला ताटातल्या कोबीच्या सॅलडमध्ये उगाचच मीठ कमी वाटू लागलं.

शाळा सुरू झाली. रोज सकाळी तिची बस पुलाशी थांबायची. कधी बोट असायची म्हणून, आणि कधी – हे तिला पुढे कळलं – काहीच नसायचं, तरी.

"आज कोण चाललंय?" ती विचारायची.

"बदकं आहेत दोन. त्यांचाही हक्क आहे."

"पोरांना उशीर होतोय, वेन्डेल."

"पोरांनी तक्रार केली का?"

पोरांनी तक्रार केली नव्हती. पोरं खिडक्यांना नाकं लावून खुदखुदत होती.

सोमवारी बोलणं ठरलेलं असे. संघ रविवारी जिंकला असला, की ती खिडकीची काच सावकाश, राणीसारखी खाली घ्यायची. हरला असला, की तो कधी हसायचा नाही. पाटी खाली धरायचा आणि म्हणायचा, "उत्तरार्धात वाईट नाही खेळले."

"तुझा आकडा जवळ येतोय, आणि तूच माझं सांत्वन करतोयस?"

"तुझाही जवळ येतोय की." मग थोडं थांबून, "सात का म्हणालीस?"

"वाटलं म्हणून."

"असं कधी वाटतं का? त्याला काही कारण..."

"बोट गेली, वेन्डेल. पाटी खाली घे."

पानं पिवळी झाली, मग तांबडी, मग झाडं नुसती काटक्यांची उरली. ती घरच्या चेरीच्या पायचा तुकडा कागदात गुंडाळून आणायची. तो तिच्या थर्मासात स्वतःची कॉफी ओतायचा आणि दोघं त्यातूनच पीत. एकदा तिचा हातमोजा पडला तो त्यानं उचलून दिला, आणि देताना जरा जास्तच वेळ धरून ठेवला. एवढंच. पण एवढ्यावरही डिसेंबर ऊबदार जातो.

शेवटच्या सामन्याच्या आठवड्यात आत्यानं भांडी पुसता पुसता सांगितलं, "पुलाचं काम संपलं म्हणे. तुझा मिनेसोटावाला पार दक्षिणेला लुइझियानाला चाललाय, दुसऱ्या पुलावर."

"माझा कुठला?"

"बरं, गावाचा. इथल्या पुलावर त्याला कायमची नोकरी विचारलीय. अजून हो म्हणाला नाही. कशाची वाट बघतोय, देव जाणे." आत्यानं तिच्याकडे न बघता पुढचं भांडं उचललं.

संघानं तोवर सहा सामने जिंकले होते. एकच उरला होता. हरला तर सहा, खुर्च्या वेन्डेलच्या. जिंकला तर सात, खुर्च्या डेल्फीनच्या. आणि मग नाव पुकारायचं. सगळ्यांदेखत. चार महिने दोघांनी बदकांवर आणि पायवर निभावून नेलं होतं. आता दोघांपैकी एकाला तोंड उघडावंच लागणार होतं. रविवारी सकाळी आरशासमोर डेल्फीननं ते नाव हळूच म्हणून पाहिलं. एकदा. मग आरशाकडे पाठ करून पुन्हा एकदा.

सामना बघायला इतकी गर्दी झाली, की कोट ठेवायलाही जागा नव्हती. वेन्डेल दाराशी उभा होता. संघाला गुण मिळाला, की तो टाळ्या वाजवत होता.

"अरे, तू हरायची वाट बघायला हवीस!" लुसियाँ ओरडला.

"ठाऊक आहे," वेन्डेल म्हणाला आणि वाजवतच राहिला.

वीस-वीस. जादा वेळ सुरू झाला. तोही सरत आला. अखेरच्या क्षणी आपल्या खेळाडूनं चेंडूला लाथ मारली. चेंडू उंच गेला, वळला... आणि गोलच्या खांबावर ठण्णकन आपटून मैदानात परत आला.

बरोबरी. जीत नाही, हार नाही.

"जिंकले सहाच! मिनेसोटावाला जिंकला!"

"बरोबरी म्हणजे अर्धी जीत. तक्त्यात अर्धीच धरतात!"

आत्यानं कालथा आपटला. "साडेसहा. म्हणजे सहाही नाही, सातही नाही. एक खुर्ची याची, एक हिची. नाव कुणी पुकारायचं नाही. चला, कोट उचला!"

टाळ्या झाल्या, ग्लास भरले गेले. वेन्डेलनं डेल्फीनकडे पाहून मान हलवली, टोपी घातली आणि तो बाहेर पडला.

डेल्फीन त्या रिकाम्या लाल खुर्च्यांपुढे उभी राहिली. सुटले, असं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. आरशासमोर म्हटलेलं ते नाव अजून पुकारायचं राहिलं होतं. ते आता कुठे ठेवायचं?

ती कोट न घालताच धावली.

बाहेर बर्फ अगदी सावकाश पडत होता. वेन्डेल पुलाच्या कठड्यापर्यंत पोचला होता.

"वेन्डेल ओकर्न!" तिनं सगळ्या गावाला ऐकू जाईल असं पुकारलं. मागे बारच्या खिडकीत लगेच चार डोकी दिसली.

तो थांबला. "नाव पुकारायचं नाही, असं ठरलं ना?"

"सप्टेंबरात त्या दुसऱ्या खुर्चीवर कोण बसणारे?"

"माझं पुलाचं काम –"

"मी पुलाचं विचारत नाहीये."

तो दोन पावलं मागे फिरला. मग जवळ येऊन त्यानं आपलं नारिंगी जाकीट तिच्या खांद्यावर टाकलं. "आधी मला सांग. सात का म्हणालीस?"

"माझ्या मनात अकराच होते." तिनं श्वास घेतला. "पण तू एकटा उभा होतास."

बर्फ त्याच्या पापण्यांवर साचत होता. तो तसाच बघत राहिला – पहिल्या दिवशी खोलीच्या पलीकडून पाहिलं होतं तसं. आता मध्ये खोली नव्हती.

"त्या नोकरीला उद्या सकाळी हो सांगतो," तो म्हणाला. "कुणी विचारतंय का, तेवढंच बघत होतो."

"विचारलं की! बदकं सोडून दुसरं काही बोलला असतास, तर आधीच विचारलं असतं."

तो हसला. तिचे गारठलेले हात त्यानं आपल्या हातांत घेतले.

"पुढच्या हंगामाचा आकडा सांग," ती म्हणाली. "नीट विचार करून. बचाव, चेंडू फेकणारा, सगळं बघून."

वेन्डेलनं खरंच विचार केल्यासारखं आकाशाकडे पाहिलं.

"सतरा," तो म्हणाला.

"प्यायलायस का?"

"फक्त कॉफी. तुझ्याच थर्मासातली."