डावीकडचा खडा

त्याने तिची ओढणी धरली ती दवाखान्याच्या जिन्यावर. पोट दाबून, घामाने निथळत, तो पायरीवर पार घडी होऊन बसला होता. ती डबा धुऊन खाली निघाली होती.

"सिस्टर…"

"मी सिस्टर नाही हो."

"मग कोण?"

"तळघरातली."

तेवढ्या कळांमध्येही त्याला हसू फुटलं. "म्हणजे शवागारातल्या… इतक्यातच न्यायला आलात?"

तिने हाक मारली, स्ट्रेचर आलं, पण ओढणीचं टोक काही त्याच्या मुठीतून सुटेना. तपासणीच्या खोलीपर्यंत ती तशीच ओढली गेली. तिथे त्याने कण्हत कण्हत आपलं नाव सांगितलं, ते तिच्या कानावर पडलं. दिवसभर त्या चुरगळलेल्या टोकाकडे तिचं लक्ष जात राहिलं… आणि गाल उगाच तापत राहिले.

ती खरोखरच तळघरात काम करायची. घरी गेलेल्या रुग्णांच्या फाइली तिथे यायच्या. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि प्रत्येक आजाराला त्याचा ठरलेला कोड द्यायचा. तिच्या वाट्याला मुतखडे. नुसतं 'खडा' लिहून भागत नसे. किडनीत आहे, तिथून खाली येणाऱ्या नळीत, की मूत्राशयात? बाजू कोणती? लिहिलं नसेल तर अंदाज बांधायचा नाही, डॉक्टरांना विचारायचं. तेही उत्तर प्रश्नात न सुचवता. 'डावीकडेच ना?' असं चालत नाही. 'जागा आणि बाजू कळवावी', एवढंच.

आणखी एक नियम होता. ओळखीच्या माणसाची फाइल स्वतः उघडायची नाही, शेजारच्या टेबलावर सरकवायची.

त्याच्या नावाची फाइल आली तेव्हा तिचा हात थबकला. 'ओढणी धरली म्हणजे काय ओळख झाली?' अशी मनाची समजूत घालून तिने ती उघडली. डॉक्टरांनी फक्त 'खडा' लिहिलं होतं. तिने रीतसर विचारलं, उत्तर आलं: डावी बाजू, नळीचं खालचं टोक. कोड पडला, काम संपलं. तरी ती पानं उलटत बसली. नर्सने लिहिलं होतं, रुग्ण रडत होता, आईला कळवू नका म्हणून विनवत होता.

हे कुठल्याही कोडला लागत नव्हतं. तिने फाइल मिटली आणि कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून मागे वळून बघितलं.

पुढे एका संध्याकाळी दवाखान्यासमोरच्या शेवटच्या स्टॉपवर तो बसमधून उतरला. ड्रायव्हरच्या जागेवरून.

"तळघर, चहा घेणार?"

"बरे झालात?"

"मला काय धाड भरलीय. पित्त खवळलं होतं, बस."

तिने नजर कपात बुडवली. तो खोटं बोलतोय हे तिला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असण्याचीच लाज वाटत होती.

मग बस परत फिरण्याआधी रोजचा चहा सुरू झाला. ती पाण्याची बाटली घेऊन यायची.

"संपवा."

"माणसाला पाणी पाजताय की रेडिएटर भरताय?"

"रेडिएटर बरा. तापला की वाफ तरी सोडतो. तुम्ही जिन्यावर जाऊन बसता."

"अहो, भरलेली गाडी मध्येच कुठे थांबवू? म्हणून पितच नाही." मग हळूच, "तुम्ही रोज पाजणार असाल… तर बघू."

ती हसली. पण नजर बाटलीवरच ठेवली.

एकदा पाऊस भुरभुरत होता. टपरीच्या पत्र्याखाली दोघांचे खांदे लागले, आणि दोघांनीही ते बाजूला घेतले नाहीत.

"एक सांगू? हसायचं नाही," तो म्हणाला. "पित्त नव्हतं ते. खडा होता. एवढा मोठा बाप्या… पण लाज वाटली सांगायला."

"त्यात कसली लाज? डावीकडे आता दुखत नाही ना?"

पत्र्यावरचा पाऊस एकदम मोठा वाटू लागला.

"बाजू मी सांगितली नव्हती," तो म्हणाला.

तिने खांदा बाजूला घेतला.

"फाइल… माझ्याकडे आली होती. दुसऱ्याला द्यायला हवी होती. मी वाचली."

"किती?"

"सगळी. नर्सने लिहिलेलंसुद्धा."

त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे मी इथे मिशीला पीळ देत बसलो होतो, आणि तुम्हाला सगळं…" त्याने कप ठेवला. बस नेहमीपेक्षा लवकर निघाली.

रात्री आईने विचारलं, "जेवत का नाहीस?" तिला मान वर करवेना. तिने लोकांचे आजार वाचले होते. पण कुणाचं रडणं चोरून वाचलं नव्हतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

सकाळी ती खात्यातल्या मोठ्या बाईंसमोर उभी राहिली आणि सगळं बोलून मोकळी झाली.

"तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती," बाई एवढंच म्हणाल्या. लेखी समज मिळाली. मुतखडे काढून घेतले, मोडलेली हाडं दिली. शेजारच्या टेबलाने कागद तिच्याकडे न बघता सरकवले, ते जास्त लागलं.

संध्याकाळी ती स्टॉपवर गेली. तो टायरला टेकून उभा होता.

"मी बाईंना सांगितलं," ती म्हणाली. "तुम्ही माफ करावं म्हणून नाही आले. तुम्हाला तक्रार करायची असेल तर कुठे करायची, ते सांगायला आले." ती वळली.

ओढणी ताणली गेली. तेच टोक.

"राग रडण्याचा नव्हता," तो म्हणाला. "माझं सगळं माहीत असून रोज पाणी पाजत होतीस… ती दया होती का, हे कळेना."

तो 'तू' म्हणाला होता.

"दया असती तर एका बाटलीत संपली असती," ती म्हणाली.

ओढणी अजून त्याच्या बोटांत होती.

"मग… आता विचार. फाइलीत नसलेलं काहीतरी."

तिच्या जिभेवर प्रश्न आला, 'मी आवडते ना?' तिने तो गिळला. "तुमच्या मनात काय आहे ते कळवावं."

"हा काय प्रश्न झाला?"

"उत्तर सुचवायचं नसतं."

तो हसला, बसमध्ये चढला, आणि स्टिअरिंगमागून वाकून म्हणाला, "जागा, पुढची पहिली. बाजू, डावी. तिथून माझं तोंड दिसतं. आईला सांगितलंय, कोणीतरी बसणार आहे तिथे."

ती चढली. मान अजून खालीच होती… पण बाटली तिने त्याच्या हाताला लागेल अशी ठेवली.