सतराव्या डिस्कवरचे अकरा सेकंद

हॅनकॉकमधल्या जुन्या तांब्याच्या खाणीच्या ऑफिसात, तळघरात, मी चौदा महिने अठ्ठेचाळीस हार्ड डिस्क चालवत होते. डाव्या रॅकवर चोवीस साध्या, घरच्या कॉम्प्युटरला लावतात तशा. उजव्या रॅकवर चोवीस महागड्या, मोठ्या सर्व्हरसाठी बनवलेल्या. वरच्या मजल्यावर आमचं संग्रहालय. पन्नास वर्षांपूर्वी कॉलेजच्या पोरांनी इथे येऊन स्थायिक झालेल्या फिन्निश खाणकामगारांना बोलतं करून चारशे मुलाखती टेप केल्या होत्या. त्या टेपना आता हात लावला की खपल्या निघत. उरलं होतं ते सगळं डिस्कवर. पुढे कोणत्या डिस्क घ्यायच्या ते संचालक मंडळ शुक्रवारी ठरवणार होतं, आणि त्यांच्यापुढे आकडे ठेवायचं काम माझं, मार्लिस हाउतालाचं.

महागड्या डिस्क वेगवान होत्या. अख्खी डिस्क वाचायला त्यांना नऊ तास लागत, साध्यांना तेरा. पण म्हाताऱ्यांच्या गप्पा ऐकायला एवढी घाई कोणाला असते? चौदा महिन्यांत डावीकडची एक डिस्क मेली, उजवीकडचीही एकच. महागडीची वॉरंटी लांबलचक होती खरी, पण वॉरंटीत नवी डिस्क मिळते, तिच्यावरचा आवाज मिळत नाही. आणि एका महागड्या डिस्कच्या किमतीत दोन साध्या येत होत्या.

"मला यातलं ओ का ठो कळत नाही," संग्रहालय सांभाळणारी सिल्वी रंटाला म्हणायची. अडुसष्ट वर्षांची, कमरेत वाकलेली, जिभेने मात्र ताठ. "माझा बाप दोन ठिकाणी ठेवायचा की चार, एवढंच सांग."

तिचे वडील, उर्हो रंटाला, त्या चारशेंपैकी एक.

सोमवारी सकाळी मी नेहमीची तपासणी लावली. प्रत्येक मुलाखतीचा एक आकडी ठसा असतो, तो सगळ्या डिस्कवर सारखाच यायला हवा. सतराव्या डिस्कवर एक ठसा जुळेना. साध्यांपैकीच एक डिस्क. मुलाखत उर्होंची.

यात नवल काही नव्हतं. डिस्क खराब होताना आधी असंच होतं, कुठेतरी चार-दोन आकडे बिघडतात. पण बिघडलेली फाइल लांब होत नाही. ही अकरा सेकंदांनी लांब झाली होती.

मी ऐकली. टेप संपली होती ती जागा मला माहीत होती. मूळ मुलाखत एका वाक्याच्या मध्येच तुटते. त्यानंतर आता कोणाचा तरी श्वास होता. खुर्ची करकरली. लांब कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला.

मी केबल बदलली. नेटवर्क काढून टाकलं. डिस्क दुसऱ्या मशीनला लावली. अकरा सेकंद तिथेच. मग फाइलची प्रत काढली, तर प्रत जुन्याच लांबीची आली, वाक्यावर तुटलेली. फोन स्पीकरशी धरून टेप केलं, फोनवर नुसती खरखर आली. बाकी सगळ्या डिस्कवर फाइल जशीच्या तशी होती.

मंगळवारी अकराचे चाळीस सेकंद झाले, आणि त्यात उर्हो फिन्निशमध्ये बोलू लागले. मी सिल्वीला खाली बोलावलं. तिने हेडफोन लावले आणि हातातला कॉफीचा कप हळूच जमिनीवर ठेवला.

"काय म्हणतात?"

"वायनोबद्दल बोलतोय."

वायनो तिचा थोरला भाऊ. एकाहत्तर साली, वीस वर्षांचा असताना, सक्तीच्या सैन्यभरतीत नाव निघालं तेव्हा, लढाईवर जायचं नाही म्हणून सरहद्द ओलांडून शेजारच्या देशात, थंडर बेला गेला. पुढे सरकारने माफी दिली, तरीही परतला नाही. दरवर्षी नाताळला एक कार्ड यायचं.

"मुलाखत तुटते ना, तिथे इसा सांगत होता की वायनो निघताना तो त्याला दारात काय बोलला," सिल्वी म्हणाली. वडिलांना ही भावंडं इसाच म्हणत. "'पुन्हा या दारात पाय ठेवू नकोस.' मी जिन्यावर उभी होते, मला ठाऊक आहे. पण आता तो पुढचं सांगतोय, मार्लिस. हे तो कधीच कोणाला बोलला नव्हता."

तिने डोळे पुसले नाहीत. वाहू दिले.

"म्हणतो, पोरगं घाबरलं याची मला लाज वाटली नाही. लढाईत मीही घाबरलो होतो. ते त्याच्या ध्यानात येईल, याची लाज वाटली."

बुधवारी फाइल आणखी वाढली. पण त्याच सकाळी सतरावी डिस्क टकटक करू लागली. सोमवारी तिच्यावर एकही खराब जागा नव्हती, मंगळवारी चाळीस होत्या, आता नऊशे. मशीन सांगत होतं, ही काढून टाका.

"अजून किती दिवस?" सिल्वीने विचारलं.

"कदाचित उद्यापर्यंत. कदाचित तेवढंही नाही."

तिने तिथूनच फोन लावला. "वायनो, गाडी काढ. नाही, कोणी मेलं नाही. उलटंच म्हण." मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. "हो, त्याने तुला दार बंद केलं होतं. त्या दाराची किल्ली आता माझ्याकडे आहे. येतोस की मी न्यायला येऊ?"

दोन्ही गावांच्या मधल्या मोठ्या तलावाला वळसा घालून आठ तासांचा रस्ता, वर बर्फ. वायनो गुरुवारी सकाळी अकराला पोचला. उंच माणूस, हातात काठी.

"म्हातारी झालीस," तो बहिणीला म्हणाला.

"आणि तू काय तरणाताठा उरलास? बूट झटक, आत ये."

तळघरात दोघांनी एकेक हेडफोन लावला. मी पाठ करून दुसऱ्या पडद्यावर डिस्कचे आकडे बघत बसले. खराब जागा चार हजार.

सहा हजार.

टकटक वाढली.

मागे वायनो एकदाच काहीतरी पुटपुटला, लहान मुलासारखं.

मग डिस्क थांबली. सावकाश, दमलेलं माणूस खाली बसतं तशी. ती पुन्हा फिरली नाही.

वळून पाहिलं, तर दोघांनी एकमेकांचा हात धरला होता.

"ऐकून झालं?"

"सगळं," वायनो म्हणाला.

शुक्रवारी मी मंडळापुढे आकडे ठेवले. साध्या डिस्क घेतल्या तर त्याच पैशात दोनऐवजी चार प्रती, चार वेगवेगळ्या गावांत. कोणी हरकत घेतली नाही. सिल्वीने सगळ्यांना वेलचीचा पाव वाटला. शनिवारी दोघं भावंडं घरच्या सॉनात, वाफेच्या न्हाणीत बसली, आणि शेजाऱ्यांना रस्त्यावरून हसणं ऐकू आलं म्हणे.

रविवारी वायनो निघाला. वसंतात महिनाभर राहायला येणार होता. गाडीपाशी त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"तुम्ही इसाला उत्तर दिलंत, फार बरं केलंत."

"मी?"

"शेवटी त्याने विचारलं ना, हे माझ्या पोरापर्यंत पोचेल का? तुम्ही म्हणालात, पोचेल, तो इथेच बसून ऐकतोय."

त्या तासाभरात मी तोंडातून शब्द काढला नव्हता. मी सिल्वीकडे पाहिलं.

"तुझाच आवाज होता, मार्लिस," ती म्हणाली. "आम्ही दोघांनीही ओळखला. आणि किती छान फिन्निश बोललीस तू!"

मला फिन्निशमध्ये कॉफीपलीकडे एक शब्द येत नाही.