सात नंबरच्या बोगद्यातली पावलं

बस इथे. दिवा राहू दे चालू. उद्या तू पहिल्यांदा खाली उतरणार, तेव्हा हे तुला माझ्याच तोंडून कळलेलं बरं. तिथले लोक मीठमसाला लावून सांगतील.

तू दुसरीत होतीस. शाळा साडेचारला सुटायची आणि तुला आणायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. तुझे बाबा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

खालचं काम तुला मी काय शिकवणार, तू तर पुस्तकं वाचून आली आहेस. हवा तापवणारा धूर न करता वीज हवी, तर अणुभट्टीत मागे उरलेलं जळकं इंधन कुणीतरी सांभाळायला हवंच. आम्ही ते सांभाळायचो. जमिनीखाली चारशे मीटर, खडकात खोदलेला बोगदा, त्याच्या तळाला खड्डे, एकेका खड्ड्यात तांब्याचं जाड पिंप, भोवती दाबून भरलेली चिकणमाती. लाख वर्षं कुणी हात लावू नये अशी व्यवस्था. आपल्याला उद्याच्या भाजीचा पत्ता नसतो आणि बाता लाख वर्षांच्या, असं मी तेव्हाही म्हणायचे.

सात नंबरचा बोगदा भरला होता. दुसऱ्या दिवशी तो मातीने बुजवून तोंडाशी काँक्रीट ओतायचं होतं. त्याआधी आत भिंतीला लावलेली, ओल मोजायची चार मीटरं किती आकडा दाखवतात, ते वाचून यायचं. एवढंच काम.

नियम एकच, आणि तो कडक. आत दोघांनीच जायचं. एकाने आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने तोच परत म्हणायचा. पुढे जाताना तेही सांगायचं. परत आलेला शब्द जुळला नाही, तर होतो तिथून मागे फिरायचं. का, कशाला, विचारायचं नाही.

माझे जोडीदार डुलकीकाका. माणूस देव, पण जेवण झालं की डोळा लागलाच. त्या दुपारी मी बोगद्याच्या गेटपाशी पोचले तर काका स्टुलावर बसून घोरत होते. घड्याळात तीन वाजून गेलेले. यांना उठवा, तोंड धुवायला पाठवा, यात अर्धा तास जाणार. म्हटलं, चार आकडे तर आहेत, झोपू दे म्हाताऱ्याला. आणि एकटीच आत शिरले. चूक माझी होती, काकांची नाही. हे लक्षात ठेव.

आत पंख्याची घरघर येत होती. पुढे पुढे तीही विरत गेली. ओल्या भिंतीचा वास. हेल्मेटच्या दिव्यापुरता उजेड, बाकी मिट्ट काळोख. पायाखाली मातीची मऊ भुकटी, त्यामुळे स्वतःची चालही ऐकू येत नव्हती.

सवयीने म्हणून गेले, "पहिलं मीटर, एकसष्ट."

"पहिलं मीटर... एकसष्ट."

मला हायसं वाटलं. काका उठले तर! आवाज बसका होता, पण झोपेतून उठलेल्या माणसाचा असतोच तसा.

"दुसरं मीटर, बासष्ट."

"दुसरं मीटर... बासष्ट."

तिसऱ्या मीटरचा आकडा परत आला आणि मी जागीच थबकले. आवाज मागून येत नव्हता. समोरून येत होता. समोर फक्त चौथं मीटर आणि त्यापुढे सलग खडक. आणि त्या अरुंद जागेत मला ओलांडून कोणी पुढे गेलं नव्हतं.

तरी म्हटलं, "चौथ्याकडे... जाते."

मग अगदी हळू...

"जाऊ नको."

"काका? परत सांगा..."

"मागे फिर... पोरगी वाट बघतेय."

तुझ्याबद्दल मी त्या दिवशी कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता. पाय आपोआप मागे सरले. एक, दोन, तीन पावलं. आणि मी जिथे उभी होते तिथून हातभर पुढे, छतातला फ्रिजएवढा दगड धाडकन खाली आला. धुळीने दिवासुद्धा दिसेना.

मी भिंत चाचपत बाहेर आले. दगडाच्या आवाजाने काकांना जाग आली होती. स्टुलाला धरून उभे होते.

"तुम्ही आत आला होता?"

"नाही गं पोरी," म्हणाले आणि रडायलाच लागले.

तुझ्या शाळेत पोचले तेव्हा साडेपाच झाले होते. तू पायरीवर फुगून बसली होतीस. मी तुला इतकं घट्ट धरलं की तू म्हणालीस, आई, दुखतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्राने दगड उचलला. खालच्या भुकटीत दोन पावलं होती. अनवाणी. तिथे अनवाणी कोणी जात नाही. बोटं माझ्या बाजूला, टाचा खोल रुतलेल्या, अंगावर ओझं घेतल्यासारख्या. तिथवर आलेली पावलं नव्हती, परत गेलेलीही नव्हती. नुसती दोन.

मी गुडघे टेकून म्हटलं, तुझे उपकार आहेत बाबा, माझी पोर उघड्यावर पडली नाही. जो कोणी असशील, सुखी राहा. आजही रोज म्हणते. भीती वाटते का विचारशील, तर वाटते. पण आभार त्याहून मोठे आहेत.

जेवून मी आणि काका सगळ्यांच्या आधी माती भरायला परतलो, तेव्हा त्या दोन पावलांच्या पुढे आणखी पावलं उमटली होती. एकामागून एक, सावकाश चालल्यासारखी, थेट गेटपर्यंत. काका म्हणाले, कुणाला सांगू नकोस. संध्याकाळी बोगदा बंद झाला.

काय विचारतेस? ते आत राहिलं की बाहेर आलं?

ते मला कसं कळणार, बाळा. गेटच्या बाहेर सगळं सिमेंट आहे. तिथे पाऊल उमटत नाही.